विमानासोबत खाली

सकाळपासून वाऱ्याची बाही दोन मनांची.
राईच्या शेतावरून एक तिरपी झुळूक,
मग काहीच नाही.

आयरी प्रत्येकाच्या मागे उभी राहून विचारते,
"हात लावू?"
न विचारता कुणाच्या पाठीला हात लावायचा नाही.
मग झडप उचलते, पिन बघते,
छातीचा पट्टा,
आणि खांद्यावर एक थाप: जा.

आज एमेली गेला. चौतिसावी उडी.
चार हजार मीटरवर दार उघडलं,
खाली तळ्यांची फुटकी बशी,
मधे अंक मोजत एकेक नाहीसा झाला.
तो दाराशी, गुडघ्यावर.
मान हलवली. नाही.
वैमानिकानं काही विचारलं नाही.

मी हँगरमध्ये छत्र्यांच्या घड्या घालत होते,
गुडघ्यांनी हवा दाबून काढत.
तो आला, न उघडलेली छत्री पाठीवर तशीच.
"हँडल कुठे आहे," म्हणाला,
"हाताला आठवेना."

वेइयोचा एक गुडघा स्टीलचा.
त्याची गोष्ट तो एका वाक्यात संपवतो:
त्या दिवशी मी वाऱ्याला हो म्हणालो.
त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं,
'एमेली: पहिल्यांदाच विमानासोबत खाली.'
पहिल्यांदा काहीही केलं
की सगळ्यांना बिअर पाजायची,
हा इथला दंडक.

एमेली लाल झाला. मग हसला.

रात्री दहाच्या उन्हात, सौनाच्या पायरीवर,
आयरीनं त्याच्याच क्रेटमधली बाटली उघडली.
"डोळे मीट. कुठे आहे?"
उजव्या कमरेमागे, नुसत्या शर्टावर,
त्याचा हात गेला.
"पुन्हा," ती म्हणाली.