वाटेकरी

फेब्रुवारी. पिएलिनेन सरोवर गोठून दगड झालेलं.
तावेत्ती कारवोनेन मैलभर बर्फावरून चालत आला
आणि आमच्या सपाट फरशीवर अडखळला.

रंग जुन्या मेणबत्तीचा.
तीन महिने लोहाचं औषध प्यायलो, म्हणाला,
दात काळे झाले, चेहरा तसाच.

डॉक्टर सारनियोबाई कमी बोलतात.
"जीभ."
जिभेला हाड नसतं, हे ठाऊक होतं;
हिला काटेही उरले नव्हते.
लालभडक, घासून काढल्यासारखी.
"डोळे मिटा."
मिटले, आणि पायाखालची जमीन सरकली,
शब्दशः. मी दंड धरला म्हणून.
मग बाईंनी नादकाटा वाजवून
घोट्याच्या हाडावर टेकवला.
"कळतंय?"
"काय कळायचंय?"
मला दारातून ती गुणगुण ऐकू येत होती.

एक थेंब काचेवर, ओढून पातळ केलेला.
जांभळा रंग, पाणी, थांबणं.
(हे माझं काम. सव्वीस वर्षं.)
लोह कमी असलं की पेशी खुरटतात, फिक्या पडतात.
इथं उलटंच. मोजक्या, पण थोराड, लांबट,
वयाआधी अंगानं सुटलेल्या पोरांसारख्या,
आत काही न पिकलेलं.
आणि एक पांढरी पेशी. तिच्या केंद्राचे खंड मोजले.
तीन, चार, ठीक. पाच, क्वचित.
सहा.
चष्मा पुसला. सहा.

चिठ्ठीवर लिहिलं, बी-बारा,
पुढे प्रश्नचिन्ह, कारण मी डॉक्टर नाही.

फॉलिक अ‍ॅसिडची बाटली बाईंनी परत कपाटात ठेवली.
हिनं रक्त सुधारेल, म्हणाल्या,
आणि पाय मुकाट्यानं जातच राहतील.
नळी घालून जठरातलं आम्ल पाहिलं. होतं.
मग बी-बारा मुरतंय कुठे?

"घरी कोण असतं?"
"ल्युली गेल्यापासून एकटाच."
"खाता काय?"
"मादे मासा. त्याची गाबोळी, कांदा, मीठ."
"शिजवून?"
तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी डबी माझ्याकडे आली.
भिंगाखाली अंडी, प्रत्येकाला इवलंसं झाकण.
हात धुतले. बाईंना हाक मारली.

"कारवोनेन, तुम्ही एकटे जेवत नाही.
एक वाटेकरी आहे, तुमच्याआधी ताटावर बसतो."
तो पोटावर हात ठेवून बराच वेळ गप्प.
"किती लांब?"
"तुमच्या होडीहून जास्त असेल."
ना भीती, ना किळस. जरा ओशाळला फक्त,
इतकी वर्षं पाहुण्याला ओळख दिली नाही म्हणून
की काय.

वाटेकरी गेला. सुई सुरू झाली.
सहाव्या दिवशी कोवळ्या पेशी थव्यानं काचेवर,
मी बाईंना उगाच दोनदा बोलावलं.
नादकाटा गुडघ्याला कळला.
घोटा अजून गप्प.

मे महिन्यात बर्फ फुटलं, तो होडीतून आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेट माझ्या हातात ठेवली.
पाईक माशाची गाबोळी. ताजी.
मी आभार मानले,
आणि घरी कढईत, कडा करपल्या तरी,
परतत राहिले.