दोन चाळीसचा फोटो

मिरजेत, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
एक कपाट आहे, सदतीस अंशांचं.
आत कॅमेरा. दर दहा मिनिटांनी
तांबडा उजेड, डोळा मिटावा इतकाच,
मग पुन्हा अंधार.

पूर्वी आम्ही दार उघडून बघायचो
दिवसातून एकदा, श्वास धरून,
आणि तेवढ्यातही वारं लागायचं त्यांना.
आता दार बंद. बघणं थांबत नाही.

खराडे, प्रमिला जालिंदर, मणेराजुरी.
तीन खाचांत तीन.
मी पाच दिवस एका मिनिटात गुंडाळते,
बोटानं पुढे, बोटानं मागे.
गुरुवारी सकाळी आत दोन गोल, एकमेकांना टेकलेले.
मग ते विरतात. विरले तरच पुढचं.
संध्याकाळी मधोमध चीर पडते.
दोन.
मग कितीतरी वेळ काहीच नाही.

संगणक गुण देतो, दशांशासकट.
पहिल्याला नऊ पूर्णांक एक.
ते शनिवारी थांबलं.
चित्रफीत पुढे चालत राहते, चित्र हलत नाही.
दुसरंही तसंच, रविवारी.
तिसऱ्याला पाच पूर्णांक दोन, रेंगाळलं म्हणून.

माझे अब्बा तंतुवाद्यांच्या गल्लीत जवारी लावतात.
कानस एकदा जास्त फिरली की सूर गेला.
कुठं थांबायचं ते कसं कळतं, विचारलं,
तर म्हणाले, हाडालाच विचारायचं.
मी काचेला विचारते.
काच फक्त वेळ सांगते.

सोमवारी पहाटे तिसरं फुगलं
आणि एकदम बसलं, चिंचोक्याएवढं.
माझ्या हातात चहा तसाच.
अठरा फोटो मोजले,
मग ते पुन्हा वर यायला लागलं, सावकाश,
काही झालंच नाही अशा थाटात.

जालिंदर म्हणाला, घडाला शंभर मणी ठेवतो आम्ही,
बाकीचे कात्रीनं काढतो. तुमचं कसं?
म्हटलं, आम्ही काढत नाही.
थांबणारे आपणच थांबतात.
तो टोपीची घडी उलगडत राहिला.

प्रमिलेनं गुण विचारले नाहीत.
"बेस्तरवारी राती पावणेतीनला काय करत हुतं?"
का हो?
"ह्या हप्त्यात आमची लाईट रातीची.
मोटर चालू करायला मीच गेलते, बॅटरी घेऊन.
तवा एकदम वाटलं, बघावं."

मी मागे गेले. दोन तीस. दोन पन्नास.
मधला, दोन चाळीसचा, धूसर.
दोनाचे तीन होत होते, चौथ्याची कड उमटत होती.
म्हटलं, कॅमेरा हलला नाही. तेच हलतंय.
ती पडद्याच्या इतकी जवळ आली
की काचेवर तिचा श्वास बसला.
"जागंच हुतं म्हणायचं," ती म्हणाली.
मी काच पुसली नाही.

दुपारी तीनला नळीच्या टोकाशी एक थेंब,
थेंबात ते,
आणि मग ते तिच्याकडे.
तिथल्या अंधाराचा फोटो कुणालाच काढता येत नाही,
मलाही नाही, आणि चौदा दिवस तर
कुणी विचारायचंही नाही.

संध्याकाळी कळलं, खाच बंद करायची राहिलीय.
तीन दहा, तीन वीस, तीन तीस,
तासगावची एसटी कवलापूर ओलांडत असेल तेव्हाही
तांबडा उजेड येतच होता
रिकाम्या गोल काचेवर.
एकोणीस फोटो.
नियमानं पुसायला हवेत.