नेट अडकतं

भारतात साडेआठ, म्हणजे इथे सहा.
जुफेरच्या हॉटेलमागे आमची खोली,
तीन दुमजली खाटा, एक खिडकी, तीही एसीने अडवलेली.
फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा.
मालिका मराठी. बघणाऱ्या सहाजणी,
मराठी मी एकटीच.
सगळ्या घराचं बोलणं माझ्या तोंडून जातं,
सासूचं, नणंदेचं, भटजींचंसुद्धा,
मोडक्या हिंदीतून, जी इथे प्रत्येकीची मोडकी
आणि म्हणून सगळ्यांना पुरते.

सोमवारी विक्रांत पिऊन आला.
दार लोटलं, कडी लागली, दिवा गेला.
जरा वेळ समई दाखवली, मग तीही विझली,
मग जाहिरात : डाग जातात, कापड नवं राहतं.

मारिवेलने विचारलं, "ती हो कधी म्हणाली?"
मी म्हटलं, मधलं गेलं असेल, नेट अडकतं.
मागे नेऊन पाहिलं. दोनदा.
म्हणाली नव्हती.
नको म्हणालेलंही ऐकू आलं नाही,
तिच्या तोंडावर तेव्हा सनई होती.

मंगळवारी सकाळ. तो डोकं धरून बसलेला.
सासूने त्याला दिलं लिंबाचं सरबत
आणि केतकीला समज :
"शुद्धीत नव्हता गं तो. आवंढा गिळ."
आवंढा हिंदीत कसा सांगायचा, मी अडले.
सुनमायाने आपला गळा दाखवला,
दोन बोटं, वरून खाली.

सुनमाया तेव्हा सातव्या मजल्यावर होती, मार्चमध्ये.
सातशे बाराचं दार आतून लागलं.
पाहुणा आपल्याकडचा,
म्हणून मॅनेजरने मला खाली बोलावलं.
"ताई, जरा जास्त झाली होती. खरंच काही आठवत नाही मला."
मी ते वाक्य उचललं, तिच्यापुढे ठेवलं
टॉवेलची घडी ठेवतो तसं, कडा जुळवून.
ती म्हणाली, "आठवत नाही, तर माफी कशाची मागतो?"
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, ठीक आहे म्हणते.
कागदावर सही झाली.
रात्री खोलीत चॉकलेटचा मोठा डबा आला, सोनेरी कागदाचा.
सहाजणींनी खाल्ला. पाचजणींनी.
मी त्या पाचांत होते. बदामाचं चांगलं होतं.

शुक्रवारी मालिकेत सत्यनारायण.
विक्रांतने सगळ्यांदेखत कान धरले.
कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा आपटला,
आत्याबाईंच्या, ड्रायव्हरच्या, कुत्र्याच्याही.
मग केतकी म्हणाली, "मी माफ केलंय तुम्हाला."

पाच माना माझ्याकडे वळल्या.
सुनमाया वरच्या खाटेवर, पाय खाली सोडून.

मी म्हटलं, "बोलती है, अभी नहीं."

"पण हसतेय की ती."
म्हटलं, पाहुणे आलेत ना घरी.

तेव्हापासून रोज सांभाळावं लागतं.
ती दोघं थंड हवेच्या गावी गेली :
मी सांगितलं, कोर्ट तिकडे आहे.
त्याने तिला शाल पांघरली :
म्हटलं, वकिलाने सांगितलंय, भांडू नका.
डोहाळजेवण आलं, ते काही जमेना,
मी फोनच पालथा घातला. नेट.

मारिवेलला कळलंय बहुतेक.
तिला हिंदीपेक्षा चेहरे जास्त येतात.
ती काही बोलत नाही,
केतकी गोड बोलायला लागली की आवाज कमी करते.

सुनमायाला आता चौथा मजला दिलाय.
एखाद्या दिवशी ड्युटी लांबते, सहाचं चुकतं,
मग जिन्यात गाठून विचारते, "केलं का तिने माफ?"
"नाही अजून."
"बरं," म्हणते,
आणि चादरींची ट्रॉली ढकलत लिफ्टकडे जाते,
एक चाक कुरकुरतं, तिकडे लक्ष न देता.