निरंक

मिरजेत आमच्या लॅबला पिशव्या येतात.
लोणच्याच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या,
झाकणाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव.
एसटीतून येतात, वडापमधून येतात.
एकदा कंडक्टरने विचारलं, मुरंबा काय?
आणणारा हो म्हणाला.

आजची: शेवंता ऐवळे, सावळज, वय त्रेचाळीस.
तक्रार: अंगावरून फार जाणे.
अपत्ये: निरंक.

मी मोजते. नऊ, सहा, चार सेंटिमीटर.
वजन एकशे दहा,
चहाच्या छोट्या पुड्याहून जरा जास्त.
उलटा धरलेला पेरू, देठ खाली.
वर दोन कोपरे, तिथे नळ्यांची कापलेली टोकं.
बाहेरून चकाकणारा पापुद्रा,
कांद्याच्या आत असतो तसा.

मग सुरी, मधोमध.
पिशवी म्हणतात सगळे, डॉक्टरसुद्धा.
बिराजदार सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
पिशवी कसली? मांस आहे, बघ,
बोटभर जाड भिंत.
आणि आत जागाच नाही.
पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकलेली,
मधे तिकोनी फट,
दाराखालून पत्र सरकेल एवढी.
जागा आधी नसते.
कुणी आलं तर होते.

भिंतीत दोरे. काही उभे, काही आडवे,
मधल्या थरात आठच्या आकड्यासारखे वळलेले,
आकड्याच्या पोटात रक्तवाहिनी.
वार पडली की हे आकडे आवळतात.
नाही आवळले तर बाई घटकाभरात संपते.
सुईण पोचलेली नसली तरी,
दिवा नसला तरी
ही गाठ आतून बसते.

अस्तराचं वेगळं.
महिन्याला जाडावतं, वाट बघतं, सुटून जातं,
तळाशी पातळ थर तेवढा राहतो,
भांड्यात विरजणापुरतं ठेवतात तसा,
पुढच्या खेपेसाठी.
शेवंताच्या अस्तराखाली एक पांढरी गाठ, सुपारीएवढी,
कापली तर आत भोवरेच भोवरे.
सगळा रक्तपात हिचा.

शेवटी तोंड.
कधी बाळंत न झालेलीचं टिकलीएवढं असतं, गोल.
हिचं आडवं.
ओठ मिटून घेतल्यासारखं.
अपत्ये: निरंक.
मी फॉर्म परत वाचला.
सुरी ठेवली, भिंग घेतलं.
आडवंच.

रिपोर्टसाठी मापं लिहिली, रंग लिहिला, गाठ लिहिली.
तोंडापुढे लिहिलं, जखम नाही.
ते खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी ती आली, बेदाण्याच्या शेडवरून थेट,
बोटांना चिकटा,
बरोबर नणंद, रिपोर्ट नणंदेच्या हातात.
कॅन्सर नाही, मी सांगितलं.
नणंद खिडकीशी पैसे भरायला वळली.

"केवढी हुती वं?"
मी मूठ वळून दाखवली.
तिने आपली वळली, बघितली, उघडली.
"आमी बेदाणा निवडतो. देठ बगितला की
घड कसला हुता ते कळतं."
मी गप्प.
"तुमास्नी कळलं आसंल."
कळलं, म्हणाले.
"लग्नाच्या आदी. साताऱ्यात, मावशीकडं.
पोरगी हुती. लई मोठ्यांदा रडली."

नणंद आली, सुट्टे पैसे मोजत.
जाताना दोघी जिन्यावर भांडत होत्या,
वडाप की एसटी.

बरणी महिनाभर मागच्या फळीवर राहील,
मग जाईल, नियमाप्रमाणे,
पिवळ्या पिशवीत.
मी रजिस्टरला तारीख घातली
आणि समासात, पेन्सिलीने, एक वजाबाकी केली.
सव्वीस. किंवा सत्तावीस.