सहा सेकंद

सकाळी नऊला मशीनची वायर खोचते.
पुठ्ठ्याची नळी प्रत्येकाला नवी, नाकाला चिमटा.
"खोल घ्या. अजून. आता फुंका,
फुंका फुंका फुंका, थांबू नका, आहे अजून आत!"
सहा सेकंद.
अकरा वर्षं मी परक्यांच्या छातीतली हवा
अशी शेवटच्या कणापर्यंत वसूल करते.

सत्तय्या येमूल, वय एकसष्ट,
टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड.
भुवयांवर सुताची पांढरी लव.
तिसऱ्याच सेकंदाला ढास.
"रविवारी बरं असतंय बाई.
सोमवारी माग चालू झालं की
छातीवर कोण तरी बसलालंय."
बाकीच्यांना वार कॅलेंडर सांगतं,
त्याला बरगड्या.

हिप्परग्याची कस्तुराबाई.
आयुष्यात बिडी ओढली नाही,
फुफ्फुसं मात्र ओढणाऱ्याची.
चूल कुणाला ओढायला लावते
ते रिपोर्टात लिहायला रकाना नाही.

मग इंजिनिअरिंगची एक पोरगी.
फुंकर अशी की आलेख थेट वर चढला.
"मग जिना चढताना दम का लागतो?"
हिमोग्लोबिन निघालं सात.
हवा भरपूर होती,
वाहून न्यायला रक्तात हमाल कमी.

एप्रिलच्या रात्री नीलम नगरात लाईट गेली.
कूलर थांबला
आणि मला माझा श्वास ऐकू आला.
ऐकू आला, तिथंच बिघडलं.
एकदा लक्ष गेलं की तो घरचा राहत नाही,
नव्या जावयासारखा अवघडतो:
आत येऊ का, बसू का, निघू का.
प्रत्येक वेळी मीच सांगायचं.
नाही सांगितलं तर?
ओठ बधिर. बोटांत मुंग्या.
याचं नाव मला पाठ आहे,
हवा कमी पडून नव्हे, जास्त ओढून होतं हे,
पाच जणांना तरी समजावलंय मी.
त्या रात्री नाव उशाला होतं, मी पायथ्याला.
कंत्राट मार्चअखेर संपलेलं,
नव्या ऑर्डरवर सही नाही,
हे मला आठवतही नव्हतं.
छातीला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
दार लोटून स्वतःच नळी तोंडात धरली.
फुंका म्हणायला कुणी नव्हतं.
मनात मीच म्हटलं,
तेही सवयीनं अहो-जाहो करत.
सहा सेकंद. सात. आठ.
नॉर्मल.
एवढ्या शब्दासाठी एक अख्खा कागद.

राजमणी बाकावर बसली होती, नंबर दोनचा.
चाळीस वर्षं तंबाखूचा धुरळा नाकात,
दार लोटलेलंच होतं, तिनं सगळं पाहिलं.
"बोटाकडं बघत बिडी वळतेस काय?
वाकडी होतंय ना."
मग मांडीवर सूप नसताना
तिनं हवेतच पान घेतलं, जर्दा भरला,
आत येताना वळली,
बाहेर जाताना धागा गुंडाळला,
सावकाश, दोनदा, गाठ.
"मग बघायचं कुठं?"
"धाग्याकडं. धागा लांब सोडायचा."
आणि खोकत खोकत आत आली.
सहापैकी चार सेकंद भरले तिचे.
मी तिलाही ओरडून फुंका म्हटलं.
दुसरं काय म्हणणार?

काल पुन्हा लाईट गेली.
अंधारात मी पान घेतलं,
वळलं, धागा सोडला लांब.
एक. दोन. तिसरी वाकडी झाली,
चौथीत ऑर्डर आठवली, जर्दा सांडला.
पुन्हा पान.
पंचवीस बिड्यांचा एक कट्टा होतो म्हणे.
मी सातपर्यंत पोचले असेन,
कूलर घरघरला, वाळ्याचा ओला वास आला,
आणि आठवी कुणी वळली
ते मला माहीत नाही.