वाढली

आंबेचोंढीच्या वरच्या पाड्याला भेग पडली,
तेव्हा तहसीलदारांचं पत्र फिरत फिरत
नाशिकला आमच्या ऑफिसात आलं.
मी निघालो. टेप, होकायंत्र, हातोडी,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या सहा पट्ट्या.
काच महागाची लागत नाही.
भद्रकालीतल्या फ्रेमवाल्याकडे उरलेली चालते.

भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचा गोळा,
त्यावर पट्टी आडवी.
डोंगर सरकला की काच तुटणार.
एवढंच ते शास्त्र.

सोमीबाई भोये लांबून बघत होती.
"तुम्ही गेल्यावर कोण बघंल?"
तुम्हीच. तुटली तर फोन करा.
"रेंज नाही."
मग माणूस धाडा.
"माणसं टोमॅटोला गेली, गिरणाऱ्याला."

जीपमध्ये रऊफभाईनं विचारलं, पडेल का?
मी त्याला तांबड्या थराचं सांगितलं.
एक लाव्हा निवला, दुसरा यायला हजारो वर्षं लागली,
मधल्या काळात जी माती झाली तिचा थर.
वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण,
मधे हा, भिजला की साबणासारखा.
रऊफभाई म्हणाला, म्हणजे पडेल.
मी म्हटलं, अहवालात तसं लिहिता येत नाही.

ऑफिसात कोअर-बॉक्स आहेत, लाकडी,
त्यांत साडेसहा कोटी वर्षांचा खडक
उसाच्या कांड्यांसारखा ओळीनं निजवलेला,
प्रत्येक कांडीवर खोलीचं लेबल.
त्याच खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात,
गौण खनिजाच्या फायली.
आंबेचोंढी शोधताना हाताला लागली:
गट नंबर एकशे अठरा, डोंगराचा पायथा,
मुरूम दोन हजार ब्रास,
उत्खननास हरकत नाही.
सहीचा फराटा ओळखला.
तीन वर्षांपूर्वी माझं पेन
जरा जास्तच शाई सोडायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
चार पट्ट्या शाबूत. दोन शेळ्यांनी उडवलेल्या.
त्या दोन जागी शेणमातीत रोवून
हिरव्या बांगडीचे अर्धे अर्धे तुकडे.
एक धड होता. एक मधोमध गेलेला.

वहीत लिहिलं: पट्टी क्रमांक तीनच्या जागी बांगडी. फुटली.
सोमीबाईला अक्षर येत नाही,
पण लिहिताना मी ओठ हलवतो.
"फुटली नाही म्हणायचं," ती म्हणाली.
"वाढली म्हणायचं."
मी खोडलं. वाढली लिहिलं.
पुढचा रकाना भेगेचा.
सत्तावीस मिलिमीटरची एक्केचाळीस झालेली.
तिथंही तोच शब्द होता.

रात्रीच अकरा घरं आश्रमशाळेत हलवली.
दरड अजून आलेली नाही.
लोक दिवसा वर जातात, कोंबड्यांना दाणे टाकतात,
आणि मला विचारतात, साहेब, कधी?
जणू एसटीची वेळ.

निघताना तिनं पदरातून एक दगड काढला,
खाणीत सापडलेला, आतून पांढऱ्या स्फटिकांचा,
देवळीत देवाशेजारी ठेवलेला.
"तुमच्याच खात्याचा ना?"
मी हो म्हणालो.
खाण कोणी दिली, ते तिनं विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दगड मी परत दिला. बांगडीचे तुकडे मागून घेतले.
ते आता कोअर-बॉक्समध्ये आहेत, शेवटच्या खाचेत.
लेबलावर खोली लिहावी लागते.
शून्य मीटर.
खाली सही करायची जागा आहे.