सदर व्यक्ती एकच

राजारामपुरी आठवी गल्ली, खाली फॉल-बिडिंगचं दुकान,
शेजारचा अंधारा जिना चढून गेलो.
होय, गेलो. आमच्यात बायका अशाच जातात.
गेलो, आलो, जेवलो, निजलो,
नवऱ्याच्या आधी उठलोसुद्धा.

काचेच्या दारावर विमान चिकटवलेलं,
शेपटीकडनं उचकटलेलं.
आत गारठा. भिंतीवर तीन घड्याळं:
टोरांटो, लंडन, ऑकलंड.
ऑकलंडचं बंद.
मला तिथंच जायचं होतं.

ऋता मॅडम पुण्याच्या, पंचविशीच्या असतील.
"बसा ना ताई. कशा आलात?"
"केएमटीनं आलो."
हसल्या. वाईट नव्हतं हसणं.
मग फाईल उघडून बोट ठेवत ओळ-ओळ खाली उतरल्या,
मी सलाईनचे थेंब मोजतो तशा.

शाळेच्या दाखल्यावर वंदना बापूसो चौगुले.
नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर वंदना बी. चौगले,
उकार कुठंतरी गळालेला.
पासपोर्टवर मधुरा अजित मगदूम.
"ताई, कागदांवरून ह्या तीन बायका आहेत."
मी मागं वळून बघितलं.

"आणि हे सो? वडलांचं आडनाव का?"
सो म्हणजे मान, मॅडम.
साहेब म्हणायला इथं कुणाला सवड नाही,
म्हणून नुसतं सो.
दोन म्हशींची धार काढून डेअरीला घालणाऱ्या माणसालाही लावतात.
त्यांनी फॉर्म वर-खाली केला.
मानाला रकाना नव्हता.

मधुरा कधी झालो ते आठवतं.
परातीत तांदूळ, अंगठीनं काढलेली अक्षरं.
धु काढताना त्यांचा हात थरथरला.
मला वाटलं, लाजेनं.
कशानं ते दिवाळीपर्यंत कळलं.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी परात उचलली.
ते तांदूळ पुढं कुणी शिजवले?
एखाद्या वेळी माझ्याच पानात वाढले असतील,
आणि वंदनानं मधुराला
आमटीत कालवून खाल्लं असेल.

"विवाहित, विधवा, घटस्फोटित, विभक्त. कुठं टिक करू?"
अजित इचलकरंजीला लूमवर असतात.
गौरीला येतात,
मोटरसायकल बंद न करता.
"विवाहित लिहा," म्हटलो.
पंख्याच्या वाऱ्यानं पान आपोआप उलटलं.

मग कसबा बावड्याला, कोर्टाबाहेर.
बाँड, झेरॉक्स, दोन फोटो, कान दिसणारे.
टायपिस्टनं न विचारताच बडवलं:
वरील तिन्ही नावे माझीच असून सदर व्यक्ती एकच आहे.
वय बेचाळीस, धंदा नोकरी.
नोटरीनं शिक्का मारला, मान वर केली नाही.
म्हणजे एकच आहे की नाही
ते त्यानंही बघितलं नाही.
पेन हातात घेऊन मी थांबलो.
सही कुठल्या बाईची करायची?
मागचा माणूस म्हणाला, "आवरा की ओ मावशी."
चौथं नाव.

पुढच्या शनिवारी मुलाखतीची तालीम.
तालीम म्हटल्यावर मला लाल मातीच आठवते.
इथं खुर्ची होती, समोर लॅपटॉप.
"सांगा ताई, आय केम. आय वेंट. आय वर्क्ड नाइट शिफ्ट."
आय केम, म्हटलो. आय वेंट.
रात्री भांडी घासताना ध्यानात आलं,
ह्या भाषेत बाई-बाप्याचं येणं-जाणं एकच.
म्हणजे अख्खा देश
आमच्या शिवाजी पेठेतल्या बायकांसारखा बोलतो
आणि त्यांना कुणी हसत नाही.
तारेच्या घासणीनं तवा घासत राहिलो.
पावती डब्याखाली ठेवली होती,
फी परत मिळणार नाही, असं बारीक अक्षरात.

नाइटला सीपीआरला.
अकरा नंबरच्या आजोबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी.
पावलं ऐकून म्हणाले, "कोण हाय?"
छातीवर नावाची पट्टी होती, त्यांना काय उपयोग.
"मी आलो," म्हटलो.
"आलास व्हय," म्हणाले,
आणि सुईसाठी हात पुढं केला.